नगरसेवकांची शाळा

ठाणे महानगरपालिकेने १९८७ साली चिंतामणराव देशमुख यांच्या नावाने जी प्रशासकीय प्रशिक्षण संस्था काढली, ती महाराष्ट्राच्या नागरी इतिहासातील एक विलक्षण गोष्ट म्हटली पाहिजे. कारण गटारे, दिवाबत्ती, पाणीपट्टी आणि जन्ममृत्यूच्या नोंदी यांतच जिचे सारे आयुष्य जायचे, अशा एका नगरसंस्थेने, मराठी मुलांनी लोकसेवा आयोगाच्या परीक्षा देऊन राज्याच्या आणि देशाच्या कारभारात शिरावे, या हेतूने स्वतःच्या तिजोरीतून वर्ग चालवावेत, ही कल्पना त्या काळी कोणाच्या सहजासहजी ध्यानात येण्यासारखी नव्हती. १९१८ साली आय.सी.एस. परीक्षेत पहिले आलेल्या आणि पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेल्या पुरुषाचे नाव तिला दिले, हेही उचितच झाले. परंतु उद्याचे हाकीम घडविण्याची ज्या शहराने एवढी काळजी वाहिली, त्याच शहराला, त्या हाकिमांनी मांडलेल्या प्रस्तावावर ज्यांनी हात वर करायचा त्या नगरसेवकांसाठी मात्र अशी कायमची शाळा उघडावीशी वाटली नाही.

वास्तविक स्थानिक स्वराज्य ही मुळात शाळाच आहे, असे १८८२ च्या आपल्या प्रसिद्ध ठरावात लॉर्ड रिपनने जवळजवळ स्पष्टच म्हटले होते. कारभार सुधारावा यापेक्षा लोकांना राजकीय शिक्षण मिळावे, हा त्या ठरावाचा प्रधान हेतू होता. तोवर कल्याण आणि ठाणे येथील नगरपालिका निघून जवळपास दोन किंवा अधिक दशके लोटली होती. पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपद सांभाळलेल्या नामदार गोखल्यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाज स्थापला, तेव्हा सदस्याने आरंभीची पाच वर्षे अभ्यासात घालवावी असा दंडक घातला. सार्वजनिक काम हे उत्साहाइतकेच व्यासंगाचे काम आहे, ही त्यांची श्रद्धा होती. १९२६ साली मुंबईत स्थानिक स्वराज्य संस्था या विषयालाच वाहिलेली संस्था निघाली आणि ती आजही चालू आहे, परंतु तिचा लौकिक राहिला तो मुख्यत्वे पालिकांच्या नोकरवर्गात; स्वच्छता निरीक्षकाला पदविका लागते, नगरसेवकाला लागत नाही.

ठाणे जिल्ह्यात लोकप्रतिनिधींच्या शिक्षणाचा विचार खरोखर कोणी केला असेल, तर तो रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनीने. ठाण्याचे खासदार असतानाच १९८२ मध्ये रामभाऊ निवर्तले आणि त्याच वर्षी ही प्रबोधिनी उभी राहिली. पुढे भाईंदरजवळ उत्तन येथे तिचे संकुल झाले. आपल्या कामाचा अहवाल दरवर्षी मतदारांपुढे ठेवणारा हा प्रतिनिधी होता, आणि त्याच्या नावाने लोकप्रतिनिधींचे वर्ग भरावेत यात औचित्य आहे. तिचे नाते एका विशिष्ट विचारधारेशी आहे हे उघड आहे, आणि त्याबद्दल मला तक्रार नाही. तक्रार आहे ती इतरांविषयी, ज्यांनी तिच्यावर टीका करण्यात चार दशके घालविली, पण स्वतःची अशी एखादी शाळा काढली नाही. शिवाय पक्षाची शाळा ती पक्षाची. शहराने आपले कर्तव्य तिच्यावर सोपवून मोकळे होणे बरे नव्हे.

महासभेपुढे येणारा गोषवारा ज्याने एकदा तरी हातात धरला आहे, त्याला हे शिक्षण कशासाठी हे सांगावे लागणार नाही. ‘प्रशासकीय व आर्थिक मान्यता मिळणेबाबत’ या सात्त्विक शब्दांखाली कोट्यवधींचा खर्च, कोणते लेखाशीर्ष, किती तरतूद, मागील दायित्व किती, हे सारे दाटीवाटीने दडलेले असते. आणि ज्याला तो कागद वाचता येत नाही त्याचा आवाज सभागृहात कितीही मोठा असला, तरी ठराव शेवटी ज्याने मसुदा केला त्याचाच होतो. ‘आयत्या वेळचे विषय’ या सदराने तर कित्येक सभांत जी करामत केली आहे, ती कोणत्याही जादूगाराला हेवा वाटावा अशी आहे. मंजूर ठराव राज्य सरकार महापालिका अधिनियमाच्या कलम ४५१ अन्वये निलंबित वा विखंडित करू शकते, हेही अनेक सभासदांना ठराव विखंडित झाल्यावरच कळते.

कल्याण-डोंबिवलीत नोव्हेंबर २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून प्रशासकाचा अंमल होता. प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच, असा तो काळ गेला, आणि त्या काळात सभागृहाची सवय, जुन्यांकडून नव्यांनी ऐकून-पाहून शिकण्याची परंपरा, हीही तुटली. १५ जानेवारी २०२६ च्या निवडणुकीने ठाण्याला १३१ आणि कल्याण-डोंबिवलीला १२२ प्रतिनिधी मिळाले. निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत, आणि निवडून आलेल्या बाईंच्या वतीने त्यांचे यजमानच प्रभाग समितीत बोलतात, हा आपल्याकडचा जुना रिवाज मोडायचा तर त्यांच्या हाती अंदाजपत्रक वाचण्याची विद्या देण्यावाचून गत्यंतर नाही.

प्रशिक्षण म्हटले की थंड हवेच्या ठिकाणचा अभ्यासदौरा डोळ्यांपुढे येतो, हे मान्य; त्या दौऱ्यांचा अभ्यास बहुधा न्याहारीपाशीच संपतो. अधिकाऱ्यांनीच सभासदांना शिकविले तर ते सभासद अधिकाऱ्यांचेच मिंधे होतील, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. सबब शिकविण्यास निवृत्त लेखापरीक्षक, माजी नगरसचिव, सर्व पक्षांचे अनुभवी माजी सभासद असावेत, आणि वर्गाची दारे नागरिकांनाही उघडी असावीत. किंबहुना पुढच्या निवडणुकीला उभे राहण्याची ज्यांची इच्छा आहे त्यांनी आधीच येऊन बसावे. आमच्या वर्तकनगरच्या प्रभाग समितीच्या कार्यालयात संध्याकाळी एक खोली रिकामी मिळणे अशक्य नाही. ज्या महापालिकेने १९८७ साली दुसऱ्यांच्या मुलांसाठी वर्ग काढले, तिच्या नव्या महासभेने आता स्वतःसाठी तसा ठराव करावा, येत्या अर्थसंकल्पात त्याकरिता स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावे, आणि तो ठराव कृपा करून आयत्या वेळचा विषय म्हणून आणू नये.