पांढऱ्या उंदराला एक न्याय, काळ्याला दुसरा?



मुलांच्या हट्टापायी आपल्यातल्या काही घरांतही आता पांढरे उंदीर पाळले जातात. माझे मत विचाराल, तर पाळू नयेत. अहिंसा अणुव्रताच्या पाच अतिचारांत पहिलाच आहे ‘बंध’, म्हणजे जिवाला कोंडणे. पण एकदा आणलेला उंदीर बागेत सोडून देणे हेही अभयदान नव्हे. माणसाच्या हातून खाणारा तो जीव मांजर-कावळ्यांपुढे टिकणार नाही. आणला तर सांभाळायचा आणि निसटला तर शोधायचा.

सुटीत आमच्याकडे आलेल्या भाच्याचा उंदीर असाच निसटला. आम्ही दारांखालच्या फटी कापडाने बंद केल्या. बॉक्स बेड, सोफा, वॉशिंग मशीन पाहिल्याशिवाय हलवायचे नाही, असे घरात सर्वांना बजावले. उंदीर भिंतीच्या कडेने पळतो, म्हणून रात्री कडेकडेने थोडे पीठ भुरभुरले. सकाळी पावले उमटली होती फ्रिजमागे. तिथे ऊब असते ना! पिंजरा तिथेच नेला, त्याचेच जुने अंथरूण, दाणे, पाणी ठेवून दार उघडे ठेवले. आपल्याकडे सूर्यास्ताआधी जेवणे उरकून ओटा पुसलेला असतो. त्याला दुसरीकडे काही मिळाले नाही आणि तिसऱ्या रात्री तो आपणहून आत येऊन बसला.

मधल्या काळात शेजारून सल्ला आला, “चिकट पुठ्ठा ठेवा, सकाळपर्यंत सापडेल.” भाचा रडायलाच लागला, “त्याची कातडी सोलून निघेल!”

खरेच आहे त्याचे. त्या पुठ्ठ्यावर जीव तासन् तास तडफडतो, सुटण्याच्या धडपडीत स्वतःचे पायही कुरतडतो. मग मोरीतून काळा उंदीर येतो तेव्हा हाच पुठ्ठा आपल्यातल्या कितीतरी घरांत कसा चालतो? दोघेही पंचेंद्रिय. वेदना रंग पाहून होत नाही. “मी हात लावला नाही, बाईने टाकला,” हे म्हणणेही पोकळ आहे. कृत, कारित, अनुमोदना, तिन्हींनी कर्मबंध होतो हे आपण लहानपणापासून पाठशाळेत ऐकतो.

उंदरांमुळे लेप्टोसारखे आजार पसरतात, हे मलाही मान्य आहे. घरात उंदीर राहू द्या असे मी म्हणत नाही. तो येणारच नाही असे करा. मोरीला जाळी बसवा, पाइपाभोवतीची भोके सिमेंटने बुजवा, धान्य स्टीलच्या डब्यात ठेवा, कचरा रात्री घरात ठेवू नका. तरीही आला, तर साधा पिंजरा लावा आणि तो सकाळ-संध्याकाळ बघा. अडकलेल्या जिवाला उपाशी-तहानलेले ठेवणे हाही अतिचारच, ‘अन्नपाननिरोध’.

पाळलेल्या उंदरासाठी आपण तीन रात्री धीर धरतो, कारण त्याला नाव असते. आपल्या धर्माने दया नाव असलेल्यांपुरती सांगितलेली नाही. आजच फ्रिजमागे, माळ्यावर बघा. चिकट पुठ्ठा असेल तर काढून टाका, आणि पेस्ट कंट्रोलवाला येईल तेव्हा तो काय ठेवणार आहे हे आधी विचारा.