शिवनेरीची माकुडी आणि विलायती कुंड्या

ज्या शिवनेरीवर छत्रपती शिवरायांचा जन्म झाला, त्या गडाच्या कातळकड्याला एक लहानसे झुडूप चिकटून असते. पावसाळ्यात त्याला मांसल पाने फुटतात, पाठोपाठ किरमिजी रंगाची, पिवळ्या नक्षीची चांदणीसारखी फुले येतात. उन्हाळ्यात पाने गळतात आणि केवळ रसाळ खोडाच्या बळावर ही वनस्पती तापलेल्या खडकावर तग धरते. तिचे नाव शिंदळ माकुडी. पुणे आणि सातारा भागांतील मोजके कडे सोडले, तर ती निसर्गतः क्वचितच आढळते, आणि महाराष्ट्राबाहेर तर नाहीच. समर्थांची समाधी ज्या सज्जनगडावर आहे, तेथेही तिचा ठाव आहे.

गडावर दरवर्षी लाखो लोक जातात. त्यांतील किती जणांनी तिचे नाव ऐकले असेल? मात्र युरोप-अमेरिकेतील निवडुंगवर्गीय वनस्पतींच्या खास रोपवाटिकांत ती वर्षानुवर्षे कुंडीतून विकली जाते. तेथील हौशी संग्राहक तिला नावानिशी ओळखतात. शिवनेरीच्या लेकीची ओळख परक्याने सांगावी, ही नामुष्की कोणाची?

शास्त्रीय जगात तिला नाव मिळाले तेही परक्याचेच. १८६० च्या दशकात डॅल्झेल या इंग्रज सरकारच्या वनाधिकाऱ्याने तिचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तत्कालीन मुंबई गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावाने तिचे बारसे केले. १८४८ साली सातारची गादी खालसा झाली, तेव्हा हेच फ्रिअर तेथे रेसिडेंट होते. खालसा करण्याला त्यांचा विरोध होता, हे न्यायाने नमूद केले पाहिजे. परंतु गिळंकृत केलेल्या राज्याचा पहिला कमिशनर म्हणून कारभार त्यांनीच हाकला. पुढे शास्त्रज्ञांनी या वनस्पतीची प्रजाती बदलली, तरी फ्रिअरचे नाव तिला चिकटून राहिलेच. नामकरणाचे आंतरराष्ट्रीय नियम बदलणे आपल्या हाती नाही. पण मराठी नाव शाळेच्या पाठ्यपुस्तकात आणि गडावरील फलकावर लावण्यास कोणत्या नियमाची आडकाठी आहे?

यावर आपल्याकडील काही आधुनिक विद्वान म्हणतील, कुंडीत का होईना, वनस्पती जगली ना! हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. रोपवाटिकेत रोपे मिळू लागली की कड्यावरून ओरबाडण्याचा मोह कमी होतो, हेही खरे. परंतु ही वनस्पती खोडाच्या तुकड्यापासून सहज रुजते. म्हणजे एका रोपाची हजार रोपे झाली तरी वाण एकच. कड्यावर मात्र ऊन, वारा, दुष्काळ आणि परागीभवन करणाऱ्या माश्या यांच्या सहवासात बीजातून नवी पिढी घडते. कुंडीतील रोप म्हणजे त्या वंशाचे छायाचित्र; वंश नांदतो तो कड्यावर.

कायदे नाहीत असे नाही. २००२ चा जैवविविधता कायदा परदेशी व्यक्तींना आणि कंपन्यांना राष्ट्रीय प्राधिकरणाच्या परवानगीवाचून येथील जैविक संपदा नेण्यास मज्जाव करतो. २०२३ च्या दुरुस्तीने त्यातील तुरुंगवासाची तरतूद जाऊन दंड आला. आता त्या दंडाचा धाक खरोखर बसतो की नाही, हे पाहावे लागेल. पण खोडाचा वीतभर तुकडा खिशातून जाऊ शकतो, तेथे विमानतळावरचा अधिकारी किती पुरा पडणार? राखण गडाच्या पायथ्याच्या गावानेच करायची आहे, आणि त्यासाठी याच कायद्याने ग्रामपंचायतीला जैवविविधता समिती दिली आहे. अनेक ठिकाणी ती कागदावरच नांदते, हा भाग वेगळा!

२०२५ साली शिवनेरीसह बारा दुर्गांना जागतिक वारशाचा मान मिळाला. प्रत्येक मराठी माणसाची छाती अभिमानाने फुलली. आता पायवाटा रुंदावतील, कठडे बसतील, दिवे लागतील, सुशोभीकरणाच्या निविदा निघतील. त्या निविदांत दगडाचा दर असेल, सिमेंटचा असेल. कड्यावरच्या माकुडीचा उल्लेख असेल काय? उन्हाळ्यात गवताला लावलेला एक वणवा तिचा अख्खा ठाव करपवू शकतो.

आणि जरा आपल्या माणसांकडेही पाहावे. दुर्गसंवर्धनाच्या मोहिमांत आपली तरुण मंडळी रविवारी घाम गाळतात. तटाचे चिरे उखडणारे पिंपळ-वड काढणे आवश्यकच आहे. पण उत्साहाच्या भरात दिसेल त्या हिरव्यावर कोयता चालतो, तेव्हा काय तुटले हे कोणी पाहत नाही. रयतेचे झाड तिच्या राजीखुशीवाचून तोडू नये, अशी ताकीद आज्ञापत्रात आहे, हे भाषणातून सांगणारेही कोयता हाती आला की विसरतात.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञांनी माकुडीच्याच कुळातील कंदीलपुष्पांच्या दुर्मिळ जाती आपल्या उद्यानात निष्ठेने जोपासल्या आहेत. पुढच्या मोहिमेपूर्वी अशा एखाद्या जाणकाराला गडावर नेऊन, कोणत्या कड्याला हात लावायचा नाही याच्या खुणा करून घेणे प्रत्येक गटाला शक्य आहे. ऐन पावसाळ्यात, फुले असताना हे केले, तर माकुडी ओळखायला भिंगही लागणार नाही.