घासकामाचे पैसे कोण मोजणार?

गणपती महिन्यावर आले की गिरगावातल्या चाळींपासून रत्नागिरीच्या कौलारू घरांपर्यंत रंगाऱ्यांची पळापळ सुरू होते. बाहेर पाऊस, भिंतींना ओल आणि यजमानांना एकच घाई: मूर्ती घरात येण्याआधी दारे-खिडक्या चकचकीत दिसल्या पाहिजेत. रंगारी सुटलेले पोपडे पत्र्याने खरवडतो, पॉलिश पेपर फिरवल्यासारखे करतो आणि ऑइल पेंटचा डबा उघडतो. आरतीला जमलेली मंडळी रंगाचे कौतुक करतात. पुढच्या उन्हाळ्यात त्याच चौकटीला पुन्हा पोपडे धरतात आणि खापर फुटते रंगाच्या कंपनीवर.

कंपनीचा दोष क्वचितच असतो. नवा रंग आपल्या खालच्या थराला धरून राहतो. तो थरच सैल असेल तर महागातला महाग रंगही त्याच्याबरोबर गळतो. शिवाय जुन्या घरातल्या लाकडाची हालचाल थांबत नाही. पावसाळ्यात दार फुगून चौकटीत अडकते, हे कोकणात कुणाला सांगायला नको. फुगलेल्या लाकडावर रंगाचा हात मारला की आत कोंडलेली ओल पुढे बाहेर पडायला वाट शोधते. लाकूड आकसते, पण वर्षानुवर्षे कडक होत गेलेले ऑइल पेंटचे थर आकसत नाहीत, ते तडकतात. पाणी सर्वाधिक शिरते ते फळीच्या कापलेल्या टोकांतून: खिडकीच्या झडपेचा खालचा आडवा दांडा, सांधे, दाराचा तळ. तळ दिसत नाही, म्हणून तो रंगवायचा रिवाजच नाही. दार बिजागऱ्यांतून काढून त्याच्या तळाला प्रायमर लावणारा रंगारी भेटला, तर त्याचा नंबर जपून ठेवावा.

म्हणून लाकडाच्या रंगकामाचा मुहूर्त गणपती-दिवाळीच्या तोंडावर नव्हे, फेब्रुवारी ते मे या महिन्यांत धरायला हवा. सणाला घर कोरे दिसावे ही हौस रास्त आहे. पण सणापुरती भिंतींना सफेदी करून भागते, लाकूड थांबू शकते.

खरे काम रंगाच्या आधीच संपते. जुना रंग किती काढायचा, हे ठरवायला साधी युक्ती आहे: ब्लेडने रंगावर आडव्या-उभ्या चिरा पाडायच्या, त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबायची आणि झटक्यात ओढायची. पट्टीला रंगाचे तुकडे चिकटून आले तर तेवढा भाग लाकडापर्यंत उतरवायचा. जिथे रंग टिकून आहे तिथे तो काढण्याचा हट्ट नको. मात्र दोहोंच्या मधली कड इतकी घासायची, की डोळे मिटून बोट फिरवले तर पायरी लागू नये. उघडे पडलेले लाकूड उन्हाने राखाडी झाले असेल, तर तो थर निघून ताजे लाकूड दिसेपर्यंत घासावे. काही आठवडे ऊन-पाऊस खाल्लेले लाकूड रंग नीट धरत नाही, हे अमेरिकेतल्या मॅडिसन येथील फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीच्या प्रयोगांतून दिसले आहे. सागवान तेलकट, त्यामुळे प्रायमरआधी ते थिनरने पुसलेले बरे. मग प्रायमर, भेगांत लांबी, पुन्हा घासणे, लांबीवर पुन्हा प्रायमर आणि शेवटी रंगाचे दोन पातळ हात. पातळ, कारण जाड हात वरून वाळतो आणि आतून ओला राहतो.

या घासण्यातच मोठा धोकाही आहे. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा घालणारे नियम 2016 मध्ये निघाले आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाले. ते नव्या डब्यांसाठी आहेत. गिरगावातल्या खोताच्या वाडीसारख्या वस्तीत लाकडी कठड्यांवर दशकानुदशके साचलेल्या थरांना ते लागू पडत नाहीत. कोरडे घासले की त्या थरांची भुकटी होते, ती जमिनीवर बसते आणि रांगणाऱ्या बाळाच्या हातातून तोंडात जाते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या 2020 च्या अहवालाने भारतातल्या सुमारे 27.5 कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण चिंताजनक असल्याचा अंदाज मांडला. त्यामागे बॅटऱ्यांच्या भट्ट्यांपासून मसाल्यांतल्या भेसळीपर्यंत बरीच कारणे आहेत, सगळे पाप रंगाचे नाही. पण घरातली धूळ तरी आपल्या हातात आहे. वॉटर पेपरने पाणी मारून घासणे, खाली प्लॅस्टिक अंथरणे, झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसणे, मुलांना आणि गरोदर बाईला त्या खोलीपासून दूर ठेवणे, एवढ्याने बरेच साधते. ब्लो लॅम्पने रंग जाळण्याची जुनी पद्धत मात्र बंदच व्हावी. त्या धुरातून शिसे थेट रंगाऱ्याच्या फुप्फुसात जाते. अमेरिकेत 1978 पूर्वीच्या घरांत पैसे घेऊन काम करणाऱ्यांना ज्योतीने रंग जाळायला मनाई आहे.

मग हे सगळे होत का नाही? कारण दर चौरस फुटावर ठरतो. आर. के. लक्ष्मण यांनी 1954 मध्ये एशियन पेंट्ससाठी रेखाटलेल्या गट्टूच्या हाती रंगाचा डबा आणि ब्रश आला, पॉलिश पेपर काही आला नाही. गिऱ्हाइकाची नजरही तेवढ्यावरच थांबते. दोन दिवस घासणाऱ्याला आणि दोन तासांत उरकणाऱ्याला एकच भाव मिळत असेल, तर दोन दिवस कोण घासेल? रंगाऱ्याला कामचुकार म्हणणे सोपे, पण कोटेशनमध्ये घासकामाची वेगळी ओळ आणि वेगळी रक्कम मागणारे यजमान किती?

सुरुवात म्हाडापासून करता येईल. मुंबईत 30 सप्टेंबर 1969 पूर्वीच्या उपकरप्राप्त इमारतींची दुरुस्ती तिचे इमारत दुरुस्ती मंडळ पाहते. म्हणजे त्या सगळ्या इमारती शिशावरच्या नियमांपेक्षा कितीतरी जुन्या. तिथल्या दुरुस्तीच्या निविदांत ओले घासकाम, चिकटपट्टीची चाचणी आणि राडारोडा बंद गोणीत भरून नेणे या बाबी स्वतंत्र दराने घालाव्यात, आणि लाकडाच्या रंगकामाची मुदत 31 मेच्या पुढे जाऊ देऊ नये.