बटण तेच, मेनू आपला!

आधीच सांगून टाकते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब संपादक मंडळाने सांभाळून घ्यावा. विषय मात्र गंभीर आहे हं! लॅपटॉप आपला, पैसे आई-बाबांचे, मग स्टार्टचं बटण दाबल्यावर काय उघडावं हे तिसऱ्यानेच का ठरवायचं?

हे बटण आलं १९९५ साली, विंडोज ९५ बरोबर. पुढची सतरा वर्षं मेनूचं रूप बदलत गेलं, पण जागा आणि पद्धत साधारण तीच राहिली. २०१२ मध्ये विंडोज ८ ने बटणच काढून टाकलं आणि स्क्रीनभर रंगीत फरशा बसवल्या. लोक इतके वैतागले की २०१३ च्या ८.१ मध्ये बटण परत आलं, पण मेनू नाही! तो यायला विंडोज १० म्हणजे २०१५ उजाडलं. २०२१ मध्ये विंडोज ११ ने तो उचलून मधोमध ठेवला आणि २०२४ मध्ये त्यातल्या 'रेकमेंडेड' भागात स्टोअरमधल्या अ‍ॅप्सच्या जाहिराती दिसायला लागल्या. (घर आपलं आणि भिंतीवर पोस्टर दुसऱ्याचं, असा प्रकार.)

आमच्या विंगमध्ये यावर एकच उत्तर मिळतं, "सवय कर ना यार!" मला हे पटत नाही. गावाकडच्या शाळेत जुन्या मशीनवर शिकून आलेली मुलगी इथे पहिल्या सेमिस्टरला ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर शिकेल की ते कुठल्या मेनूत लपलंय हे शोधत बसेल? प्रॅक्टिकल दोन तासांचं असतं. शिवाय ती कोणाला विचारत नाही, लाजते. आणि मग म्हणायचं की हिला कॉम्प्युटर येत नाही.

तर पर्याय काय? फुकटात ओपन-शेल आहे. त्याचा मूळ अवतार क्लासिक शेल, २००९ पासूनचा. इव्हो बेल्चेव्ह या प्रोग्रामरने २०१७ मध्ये त्यावरचं काम थांबवलं, पण जाताना सोर्स कोड खुला करून गेला, म्हणून इतरांना तो पुढे नेता आला. हे मला फार आवडतं. पैसे मोजायची तयारी असेल तर स्टार्ट११ आणि स्टार्टऑलबॅक आहेत. दिसायला ते जास्त देखणे, हे मान्य. एक्सप्लोररपॅचर फुकट आहे, पण तो थेट टास्कबारमध्येच हात घालतो.

खरी मेख इथेच आहे. जे सॉफ्टवेअर विंडोजच्या जेवढं आत शिरतं, तेवढं पुढच्या अपडेटला मोडायची भीती जास्त. २०२४ मध्ये २४एच२ अपडेट येताना स्टार्टऑलबॅक आणि एक्सप्लोररपॅचरच्या काही आवृत्त्या असलेल्या मशिन्सवर अपग्रेड अडवला जात होता. सबमिशनच्या आदल्या रात्री टास्कबार गायब झाला तर? म्हणून माझं मत ओपन-शेलला. त्याचा मुख्य भर मेनूवर, आणि शिफ्ट धरून विंडोजची कळ दाबली की मूळ मेनूही उघडतो. एक कॉलम, दोन कॉलम किंवा विंडोज ७ सारखा, हवं ते रूप निवडा. दिसायला जरा जुनाट आहे, पण आपल्याला काय त्याच्याशी लग्न करायचंय?

आता सगळ्यात महत्त्वाचं. पेनड्राइव्हवरून रूम नंबर अमुक ते तमुक फिरणारा 'क्रॅक' मुळीच घेऊ नका. ऑगस्ट २०१६ मध्ये क्लासिक शेल जिथून डाउनलोड व्हायचं त्या साइटवर हल्ला झाला आणि इन्स्टॉलरच्या जागी दुसरीच फाइल ठेवली गेली. ती चालवली की डिस्कचा बूट रेकॉर्ड पुसला जाऊन मशीन सुरूच होत नसे. खऱ्या फाइलवर लेखकाची डिजिटल सही होती, खोटीवर नव्हती, पण सही बघतो कोण? नावाजलेल्या साइटवर हे झालं, तर पेनड्राइव्हची काय कथा! प्रोजेक्टच्या स्वतःच्या गिटहब पानावरूनच घ्या आणि त्याआधी रिस्टोअर पॉइंट करून ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे.

लॅबच्या मशिन्सवर आपल्याला काहीच इन्स्टॉल करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण सर, पहिल्या वर्षाच्या लॅबमध्ये निदान दोन मशिन्सवर तुम्हीच हे लावून बघाल का? ओपन-शेलची सगळी सेटिंग्ज एका एक्सएमएल फाइलमध्ये साठवता येतात. विषयवार फोल्डर केलेली माझी फाइल तयार आहे, कधीही मागा.