ससाण्याची कैफियत

मार्गशीर्ष लागला की उजनीच्या जलाशयावर, भिगवणच्या अंगाला, पट्टकादंबांचे आणि रानबदकांचे थवे उतरू लागतात, त्यांच्या पाठोपाठ पुण्यामुंबईचे पक्षिनिरीक्षक कोळ्यांच्या होड्यांतून पहाटेच पाण्यावर जाऊ लागतात, आणि या दोन्ही समुदायांच्या मागावर, फारसे कोणाचे लक्ष नसताना, तिसरा एक पाहुणा येतो, तो म्हणजे दलदली भोवत्या. लव्हाळ्याच्या शेंड्यांवरून, पंख किंचित उचलून धरीत, तो संथपणे घिरट्या घालू लागला की चांदव्यांचा अवघा जमाव पाणी तुडवीत एकत्र गोळा होतो. त्या धांदलीत दुबळा कोण, जायबंदी कोण, मागे रेंगाळणारा कोण हे उघडे पडते, आणि भोवत्याची झडप बहुधा अशाच एखाद्यावर पडते. होडीतून त्या क्षणी निघणारे उद्गार चांदव्याच्या पक्षाचे असतात, आणि क्वचित कोणी हातवारे करून, ओरडून शिकाऱ्याला हुसकावून लावण्याचाही यत्न करतो. हा यत्न करुणेपोटी होतो हे मी जाणतो. परंतु पक्ष्यांवर प्रेम करणाऱ्याने त्यांच्या निसर्गसिद्ध शत्रूचा द्वेष करणे हे त्या प्रेमाचे अधुरेपण होय असे माझे ठाम मत असल्यामुळे, या आठवड्यात त्या शिकाऱ्याची कैफियत वाचकांपुढे मांडावी असे मी योजिले आहे.

हा द्वेष केवळ भाबड्या मनाचा विकार असता तर तो सोडून देता आला असता, परंतु त्याला एके काळी सरकारी फर्मानाचे बळ लाभलेले होते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया संस्थानाने १९२९ मध्ये गॉसहॉक नावाच्या मोठ्या शिकारी पक्ष्याच्या प्रत्येक मुडद्यामागे पाच डॉलर इनाम जाहीर केले, आणि शरद ऋतूत तेथील एका डोंगररांगेवरून दक्षिणेकडे निघालेल्या ससाण्यागरुडांवर, जातीची चौकशीही न करता, बंदुकांच्या फैरी झडू लागल्या. जमिनीवर ओळीने मांडून ठेवलेल्या शेकडो मृत पक्ष्यांची रिचर्ड पाउ यांनी घेतलेली छायाचित्रे पाहून न्यूयॉर्कच्या रोझाली एज या बाईंनी १९३४ मध्ये त्या डोंगराची सुमारे चौदाशे एकर जमीन भाडेपट्ट्याने घेतली, मॉरिस ब्राउन यांना तेथे रखवालदार नेमले, आणि शिकारी पक्ष्यांचे जगातील पहिले अभयारण्य ‘हॉक माउंटन’ या नावाने उभे राहिले. पक्षिसंरक्षणाच्या चळवळीतील पुष्कळांच्या मनातही त्या काळी ससाण्याविषयी अढी होती, ही गोष्ट एजबाईंच्या कार्याचे मोल वाढविणारी आहे. ब्राउन यांनी तेथे नित्यनेमाने ठेवलेल्या गणतीचे दप्तर पुढे रेचेल कार्सन यांना उपयोगी पडले. १९६२ च्या आपल्या ग्रंथात कीटकनाशकांचे दुष्परिणाम सिद्ध करताना, गरुडांची पिले दिसेनाशी होत चालल्याचा पुरावा त्यांनी त्याच दप्तरातून घेतला. ज्याला वैरी मानून गोळी घातली जात होती, त्याच्याच घटत्या संख्येने अखेर साऱ्या भूमीवर पसरलेल्या विषाची वर्दी दिली. आपल्याकडेही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत कावळ्याची गणना उंदरांच्या पंक्तीला, उपद्रवी म्हणून केलेली होती, आणि ती अनुसूची रद्द होण्यास २०२२ ची दुरुस्ती यावी लागली.

शिकारी नाहीसा झाला म्हणजे भक्ष्याची भरभराट होईल, हे गृहीतही तपासून पाहण्याजोगे आहे. इंग्लंडच्या दक्षिण भागात बियाण्याला चोळलेल्या कीटकनाशकांमुळे, १९६० च्या सुमारास, आपल्या शिक्र्याचा भाऊबंद शोभेल असा स्पॅरोहॉक जवळजवळ नामशेष झाला आणि त्या औषधांवर निर्बंध आल्यावर पुढे हळूहळू परतला. तो नव्हता तेव्हा लहान पाखरांची संख्या वाढत गेली आणि तो आल्यावर ती खचली, असे तेथील दीर्घकाळच्या नोंदींत आढळले नाही. आढळले ते याहून विलक्षण होते. ऑक्सफर्डजवळच्या वायथमच्या वनातील वल्गुल्या शिकाऱ्याच्या गैरहजेरीत हिवाळ्यात वजनाने अधिक भरू लागल्या होत्या, कारण जड शरीराने पळ काढण्यातील धोका उरला नव्हता. तो परतला आणि त्या पुन्हा सडसडीत झाल्या. म्हणजे पाखराच्या अंगावर चरबी किती असावी हेदेखील त्याचा शिकारी ठरवितो. ज्या चपळाईचे, ज्या सावध मानेचे आणि ज्या भरारीचे आपण दुर्बिणीतून कौतुक करतो, ती सारी या शत्रूच्या धाकाने अनंत पिढ्यांत घडविलेली आहेत.

त्यासाठी विलायतेपर्यंत जाण्याचीही गरज नाही. आपल्या परसातला शिक्रा आंब्याच्या दाट पानोळ्यातून निघाला की सातभाईंचा कलकलाट सुरू होतो, बुलबुल झुडपात दडतात, आणि कोतवाल मात्र त्या शिकाऱ्याच्या पाठीशी लागून त्याला आपल्या हद्दीबाहेर घालवितो. त्याच्या या बंदोबस्ताच्या भरवशावर हळद्या आणि होले त्याच झाडावर घरटी बांधतात. एका झाडावरची ही शेजारव्यवस्था शिक्र्याच्या भयावाचून उभीच राहिली नसती. बुलबुलाची जोडी वर्षानुवर्षे अंडी घालते, आणि त्या जातीची संख्या स्थिर राहायची तर त्या जोडीच्या आयुष्यभराच्या पिलांपैकी सरासरीने दोनच वाढून जोडीदार होणार. उरलेली शिक्र्याच्या, धामणीच्या, भारद्वाजाच्या, कावळ्याच्या किंवा उपासमारीच्या वाट्याला जाणार. हा हिशेब कठोर असला तरी त्याच हिशेबावर शिक्र्याचे घरटेही चालते, आणि त्या घरट्यातही चोची वासून बसलेली पिले असतात.

मात्र हा न्याय माणसाने पाळलेल्या अगर पोसलेल्या शिकाऱ्याला लागू करता येत नाही, आणि येथे आपण विवेकाने वागले पाहिजे. घरच्या दुधावर पोट भरून वळचणीला चिमण्या मारणारी मांजर, गावाच्या उकिरड्यावर वाढून माळरानावर टोळीने फिरणारी कुत्री, यांची संख्या भक्ष्याच्या संख्येने आवरली जात नाही, कारण त्यांचा शिधा आपण पुरवीत असतो. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरील माळढोक हे याचे शोचनीय उदाहरण आहे. एका विणीत बहुधा एकच अंडे घालणारा हा पक्षी खोकड, घोरपड आणि कावळा यांच्या सहवासात युगानुयुगे टिकला. गवताळ माळ नांगराखाली गेले, विजेच्या तारा आडव्या आल्या, मोकाट कुत्री वाढली, तेव्हा तो मोजक्या संख्येवर आला. आता त्याचे एकेक अंडे राखावे लागते आणि राजस्थानात ती उचलून उबवणी यंत्रात ठेवावी लागतात हे मला मान्य आहे. परंतु या पाळीचा दोष आपल्या पदरी घालावयाचा सोडून खोकडाच्या माथी मारणे हा उघड अन्याय होय.

पक्षिनिरीक्षकांच्या मंडळांना म्हणूनच माझी विनंती अशी की त्यांनी आपल्या करुणेचा रोख बदलावा. चांगले छायाचित्र मिळावे म्हणून घरट्याभोवतीची पाने छाटणारा हौशी माणूस, त्या पिलांना ऊन आणि कावळा या दोहोंच्या स्वाधीन करतो, आणि नंतर कावळ्याला क्रूर म्हणतो; अशा वर्तनाला मंडळाच्या सहलींत मज्जाव असावा. नव्या सभासदास पहिल्या दिवसापासून शिक्रा, भोवत्या, बहिरी ससाणा आणि घुबडे यांची ओळख खंड्या-धोब्यांच्या बरोबरीने करून द्यावी, आणि त्यांनी केलेली शिकार रोजनिशीत निर्विकारपणे नोंदवावी, कारण कोणी कोणाला कोठे व केव्हा मारले ही नोंद पुढील अभ्यासकास अमोल ठरते. मोकाट कुत्र्यांच्या नसबंदीचा तगादा नगरपालिकेकडे लावावा, माळावरच्या तारा जमिनीखालून नेण्यासाठी अर्ज करावेत, स्वतःची मांजर घरात ठेवावी. भोवत्याला ओरडून हुसकावण्यात जो आवेश खर्च होतो तो या कामी लागला, तर चांदव्यांचे आणि भोवत्याचे, दोघांचेही, खरे कल्याण होईल.