बिऱ्हाड हलविताना

चैत्र सरून वैशाख लागला आणि शाळांच्या परीक्षा उरकल्या, की आमच्या खानदेशात दारोदारी सामानाच्या गाड्या उभ्या राहू लागतात. कोणाची बदली झालेली असते, कोणाच्या मुलाने दुसऱ्या गावी सदनिका घेतलेली असते, तर कोठे जुना वाडा पाडून नवी इमारत व्हावयाची असल्यामुळे साऱ्या कुटुंबास दोन वर्षे भाड्याच्या घरात काढावयाची असतात. शिक्षकाच्या पेशात आम्हांसही धुळे आणि जळगाव या दोन गावांमध्ये चार वेळा बिऱ्हाड हलवावे लागले; इतरांची हलविताना हातभार लावण्याचे प्रसंग तर पुष्कळच आले. त्यावरून आमचा एक सिद्धांत होऊन बसला आहे. वाटेत जे फुटते ते बाजारात पुन्हा मिळते. परंतु निघण्याच्या आदल्या रात्री थकव्याच्या भरात जे घराबाहेर टाकले जाते, ते पुन्हा मिळत नाही. यास्तव या कामी पहिली गरज खोक्यांची आणि सुतळीची नव्हे, तर वेळेची आहे. निदान एक महिना आधी या कामास हात घालावा.

प्रथम घर ठरविण्याविषयी दोन शब्द. आश्वलायन गृह्यसूत्रात वास्तूची जागा पारखण्याचा विधी सांगितला आहे. गुडघाभर खड्डा खणून त्यातलीच माती पुन्हा त्यात भरावी. माती उरली तर भूमी उत्तम, बरोबर बसली तर मध्यम आणि कमी पडली तर त्याज्य समजावी. तिसऱ्या मजल्यावरील सदनिकेत खड्डा कोठून खणणार, असे वाचक हसून म्हणतील. परंतु त्याच सूत्रकाराने आणखी दोन अटी घातल्या आहेत: भूमी खारट नसावी आणि ती वादातली नसावी. या दोन अटींपुढे आजही कोणास हसता येणार नाही. विकतचे घर असेल तर जागेचा उतारा स्वतः डोळ्यांनी पाहावा व जाणत्या वकिलास दाखवावा. भाड्याचे असेल तर करार लेखी करून त्याची नोंदणी करावी. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने ती आवश्यक केली असून ती करण्याची जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. ‘आपल्यात कागद कशाला?’ असे म्हणणारा मालक स्वभावाने कितीही गोड असो, त्याच्यापाशी कागदाचा आग्रह अवश्य धरावा. कूपनलिकेचे पाणी असेल तर ते ओंजळभर पिऊन पाहावे. नळास पाणी कोणत्या दिवशी व किती वाजता येते, हे मालकास न विचारता शेजारणीस विचारावे. खरे उत्तर तेथेच मिळते.

आणखी एक परीक्षा आमच्या मुलुखापुरती आहे. घर सकाळी पाहू नये. दुपारी चार वाजता पाहावे. जळगाव-भुसावळकडे वैशाखात पारा 45 अंशांपर्यंत चढतो. पश्चिमेच्या भिंतीची खोली सकाळी प्रसन्न वाटते आणि सायंकाळी भट्टी होते. ती खोली घरातील वृद्धांस किंवा बाळंतिणीस द्यावी लागणार नाही ना, हे तेथेच उभे राहून ठरवावे. जिन्याच्या पायऱ्या मोजाव्यात त्या तरुणाच्या पायांनी नव्हे, तर घरातल्या सर्वांत थकलेल्या पायांनी.

आता मुख्य काम, निवडानिवडीचे. वाड्यातून सदनिकेत जाणाऱ्या कुटुंबास सारेच नेता येत नाही, हे उघड आहे. जाते, उखळ, मोठे हंडे, माळ्यावरच्या परड्या यांना नव्या घरात जागा कोठली? काही टाकावेच लागते. प्रश्न एवढाच की, ते कोणी टाकावे?

आमच्या माहितीच्या एका कुटुंबात घडलेली गोष्ट सांगतो. तीन भावांचे कुटुंब धुळ्याचा वाडा सोडून जळगावास निघाले होते. घरात ऐंशीच्या पुढे गेलेल्या एक काकू होत्या. त्यांची एक पत्र्याची पेटी माजघराच्या कोनाड्याखाली असे. आदल्या सायंकाळी भंगारवाला दारी आला, तेव्हा एका नातवाने गंजलेली पेटी म्हणून ती मोडीत घातली. त्या पेटीत काकूंचे विरलेले लुगडे, यजमानांच्या हातचे चार कागद आणि स्वतःच्या अक्षरात उतरून घेतलेली कहाण्यांची वही होती. चूक ध्यानात येताच मुलगा धावला, सारी भंगाराची दुकाने पालथी घातली. पण वही मिळाली नाही. काकू रागावल्या नाहीत. ‘जाऊ दे रे बाळा’ एवढेच म्हणाल्या. मात्र नव्या घरात गेल्यापासून त्यांनी आपली म्हणून कोणतीच वस्तू मागितली नाही. पाणीसुद्धा कोणी दिले तर घेत. मुलगा वाईट नव्हता, घरही प्रेमळ होते. केवळ घाई होती. परंतु त्या घाईने एका माणसाचे त्या घरातले स्वतःचे असे जे काही होते ते एका सायंकाळी संपविले.

म्हणून आमचा पहिला नियम असा: ज्याची वस्तू त्यानेच टाकावी. घरातल्या प्रत्येकास, आजीस आणि सहा वर्षांच्या नातीसही, एक एक खोके द्यावे. त्यात काय भरावयाचे हे ज्याचे त्याने ठरवावे. इतरांनी त्यात डोकावू नये आणि हसूही नये. बाकीच्या सामानाचे चार भाग करावेत: न्यावयाचे, आप्तांस द्यावयाचे, दान करावयाचे आणि टाकावयाचे. चौथा भाग लगेच बाहेर काढू नये. तो आठ दिवस ओसरीवर ठेवावा, घरातल्या सर्वांच्या नजरेखालून जाऊ द्यावा, आणि मगच रद्दीवाल्यास बोलवावे.

कागदपत्रांविषयी तर अधिकच सावध असावे. आमच्या खानदेशात जुन्या कागदांचा एक विशेष आहे. 1906 मध्ये खानदेश जिल्ह्याचे दोन भाग होऊन पूर्व खानदेशाचे ठाणे जळगावास आणि पश्चिम खानदेशाचे धुळ्यास झाले. पुढे 1960 च्या सुमारास त्यांना जळगाव आणि धुळे ही नावे मिळाली, आणि 1998 मध्ये धुळ्यातून नंदुरबार जिल्हा निराळा झाला. म्हणजे घर जागचे न हलताही पत्ता बदलत गेला. आजोबांच्या खरेदीखतावर ‘पश्चिम खानदेश’ दिसले किंवा नंदुरबारकडील जन्मनोंदीवर ‘जिल्हा धुळे’ दिसले म्हणून तो कागद चुकीचा वा निरुपयोगी समजू नये. वारसाच्या आणि जमिनीच्या कामी तोच उपयोगी पडतो. मोडी वाचता येत नाही, एवढ्याच कारणाने तर कोणताही कागद टाकू नये.

आणि टाकावयाचाच असेल, तर रद्दीत टाकू नये. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून लोकांच्या घरांतली दप्तरे धुंडाळीत असत. त्यांचा देह 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यासच पडला, आणि त्यांच्या संग्रहाचे जतन व्हावे म्हणून पुढच्याच वर्षी धुळेकरांनी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ स्थापिले. शंकरराव देव यांच्या परिश्रमाने उभ्या राहिलेल्या धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी संप्रदायाची हस्तलिखिते सांभाळलेली आहेत. घरात जुनी बाडे, पोथ्या असतील आणि त्या नेणे अशक्यच असेल, तर अशा ठिकाणी एकदा विचारावे. खरेदीखते, दाखले, बँकेची पुस्तके, विम्याचे कागद, औषधांच्या चिठ्ठ्या आणि दागिने ही मात्र एका पिशवीत घालून घरातल्या एका जबाबदार माणसाने हातात घेऊन जावी. ती सामानाच्या गाडीत कदापि चढवू नये.

आता बांधाबांध. पुस्तके लहान खोक्यांत भरावीत. मोठे खोके पुस्तकांनी भरले की हमालास उचलत नाही आणि तळ फाटतो. बशा व काचेची ताटे एकावर एक न ठेवता कागदात गुंडाळून उभी लावावीत. अंथरुणे, गोधड्या, जुनी लुगडी यांचा उपयोग भांड्यांभोवती करावा. लोणच्याच्या बरणीस दादरा बांधून ती उभीच न्यावी, आणि उन्हात तेल-तूप पातळ होते हे ध्यानात घेऊन डबे काठोकाठ भरू नयेत. दादर, गहू अशी वर्षाची बेगमी निघण्यापूर्वी भरू नये. ती नव्या गावी भरावी. पापड-कुरडयांचे वाळवणही शक्य तर नव्या गच्चीवरच घालावे. फ्रिज एक दिवस आधी रिकामा करून पुसावा, उभा न्यावा आणि पोचल्यावर काही तास तसाच ठेवून मग सुरू करावा. कूलरमधले पाणी काढून टाकावे. प्रत्येक खोक्यावर अंक घालावा आणि कोणत्या अंकात काय आहे ते एका वहीत लिहावे. हे काम घरातल्या शाळकरी मुलीस सांगावे. ती ते आपल्यापेक्षा चोख करते, असा आमचा अनुभव आहे.

एक खोके सर्वांत शेवटी भरावे आणि सर्वांत आधी उतरवावे. त्यात समई, वाती, काडेपेटी, चहा-साखर, एक पातेले, तांदूळ व मुगाची डाळ, सुरी, साबण, बल्ब, हातोडी, खिळे, नित्याची औषधे आणि प्रत्येकाचा एक कपड्यांचा जोड असावा.

सरकारी कामेही महिन्याच्या आतच उरकावीत. मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले आधी काढावेत. शाळा जूनच्या मध्यास उघडतात आणि तेव्हा तेथे गर्दी असते. गाव बदलत असेल तर गॅसची टाकी व रेग्युलेटर जमा करून बदलीचा कागद घ्यावा. विजेच्या मीटरचा शेवटचा आकडा मालकासमक्ष लिहून ठेवावा. आधार व शिधापत्रिका यांवरील पत्ता बदलावा, आणि मतदार यादीसाठी नमुना 8 भरावा.

प्रत्यक्ष जाण्याचा दिवस. धुळ्याहून पारोळा-एरंडोलमार्गे जळगाव सुमारे 90 किलोमीटर. गाडीचा दर, हमाली आणि फुटतुटीची भरपाई हे सारे आधी लेखी ठरवून घ्यावे. सामान पहाटे भरावे, म्हणजे ऊन चढण्यापूर्वी गाडी पोचते. हमालांस पाणी, गूळ आणि सावलीत दोन घटका विसावा द्यावा. ही माणुसकी तर आहेच, शिवाय थकलेल्या हातातूनच वस्तू निसटते. निघताना जुने घर झाडून, दिवा लावून आणि शेजाऱ्यांस भेटून निघावे. वृद्धांस त्या दिवशी सामानाच्या धबडग्यात बसवून ठेवू नये; शेजारी किंवा आप्तांकडे त्यांच्या विश्रांतीची सोय करावी. मात्र उंबरठा ओलांडण्याच्या वेळी त्यांना बोलवावेच. ज्या घरात त्यांनी पन्नास वर्षे काढली त्यास नमस्कार करण्याचा पहिला मान त्यांचा आहे.

नव्या घरात प्रथम देव, भरलेला कलश आणि मीठ न्यावे व दूध उतू घालावे, ही आपली रूढी आहे. वास्तुशांत पुढे सवडीने मुहूर्त पाहून केली तरी चालते. देवांच्या मागोमाग मात्र स्वयंपाकघर मांडण्यास धावू नये. देवांनंतर वृद्धांचा कोपरा मांडावा: त्यांची खाट, त्यांचा तांब्या, त्यांची पेटी आणि हात पोचेल असा दिव्याचा खटका. वाड्यात त्यांस ओटा होता, येणारा-जाणारा दिसत होता. सदनिकेत दार लावले की जग बंद होते. म्हणून त्यांची खुर्ची खिडकीपाशी किंवा सज्जात ठेवावी. पहिल्या रात्री त्यांच्या खाटेपासून मोरीपर्यंत दिवा जळत ठेवावा. अनोळखी घरात वृद्ध माणूस रात्री उठतो तेव्हा पाय जुन्या घराच्या वाटेने जातो, आणि पडतो.

शेजाऱ्यांकडे पहिल्या आठवड्यात स्वतः होऊन जावे. त्यांनी आपल्याकडे यावे म्हणून वाट पाहू नये. धुळ्याची नवी पेठ तरी काय, 1819 मध्ये कॅप्टन ब्रिग्जने ती आखली आणि बाहेरगावच्या लोकांस तेथे घरे बांधण्यास उत्तेजन दिले. आज ज्यांस आपण मूळचे धुळेकर म्हणतो, त्यांच्यापैकी कित्येकांचे पूर्वज असेच कोठून तरी बोचकी घेऊन आलेले आहेत.

सारी खोकी एका दिवसात उघडण्याचा हट्ट धरू नये. महिनाभर दोन खोकी तशीच राहिली तरी बिघडत नाही. परंतु पहिल्या सायंकाळी देवापुढे दिवा लागला, मुगाची खिचडी शिजली आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाने ‘माझी पेटी कोठे ठेवलीत?’ असे विचारताच ती हाताशी मिळाली, म्हणजे बिऱ्हाड सुखरूप पोचले असे समजावे.