लाकडी जमीन आणि ओला हात

माझ्या लग्नानंतरचा तो पहिला श्रावण. पेठेतल्या आमच्या जुन्या घरात खाली कापडाचे दुकान आणि वर राहते घर होते. वरच्या दिवाणखान्याची जमीन सागाच्या रुंद फळ्यांची. सासूबाई ती रोज घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसत. पाहुणे यायचे होते, जमीन मळकट वाटत होती. म्हणून मी उत्साहाने दोन बादल्या साबणाचे पाणी ओतून ती घासून काढली. संध्याकाळी जमीन लखलखली. दुसऱ्या दिवशी मामंजींनी दुकान उघडले, तेव्हा फळ्यांच्या फटींतून झिरपलेल्या पाण्याने खालच्या मांडणीवरचे मांजरपाटाचे सहा तागे तपकिरी डागांनी भरले होते.

मामंजी मला एक शब्दही बोलले नाहीत. त्यांनी तागे वेगळे काढले आणि गुमास्त्याला एवढेच बजावले, ‘डाग आधी दाखवायचा, भाव मग सांगायचा.’ माल तोट्यात गेला. आठवड्याभरात भिंतीलगतच्या चार फळ्यांच्या कडाही वर आल्या. सुताराला बोलावले, तर त्याने रंधा मारायला नकार दिला. ‘आत्ता तासली तर वाळल्यावर कडा खाली जातील आणि मध्ये उंचवटा राहील. थंडीपर्यंत थांबा,’ तो म्हणाला. थंडीत त्या फळ्या बहुतांशी जागेवर बसल्या. त्या चार महिन्यांत मी लाकडाचा स्वभाव शिकले.

लाकूड तोडल्यावरही हवेतला ओलावा घेते आणि सोडते. ओलाव्याने फळी लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत मात्र फुगते. वरची बाजू वाळली आणि खालची ओली राहिली की कडा उचलल्या जातात. म्हणून लाकडी जमिनीची सारी निगा एका वाक्यात सांगता येते: धूळ रोज काढावी, पाणी शक्य तितके टाळावे.

आज आपल्या अनेक कुटुंबांच्या नव्या घरांत ‘वूडन फ्लोअरिंग’ आले आहे. व्यापारी घरांना सांगायला नको, की माल ओळखल्याशिवाय व्यवहार करू नये. या एका नावाखाली तीन निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली सॉलिड वूड, म्हणजे अखंड लाकडाची फळी. साधारण 18 ते 20 मिलिमीटर जाडीची ही फळी आयुष्यात अनेकदा घासून नवी करता येते. दुसरी इंजिनिअर्ड वूड. तिच्यात प्लायसारख्या थरांवर खऱ्या लाकडाचा पातळ थर असतो. तो किती जाड आहे, त्यावर ती एकदा-दोनदा घासता येईल की मुळीच नाही, हे ठरते. तिसरी लॅमिनेट. तिच्यावर लाकडाचे केवळ छापील चित्र असते. ती घासता येत नाही आणि सांध्यांतून पाणी शिरून फुगली, तर फळीच बदलावी लागते. बिलावर यांतले कोणते नाव आहे, ते पाहून बिल जपून ठेवावे.

खऱ्या लाकडावरचा लेपही ओळखावा. पीयू पॉलिश लाकडाच्या वर पातळ पापुद्र्यासारखे राहते; तेल किंवा मेण आत मुरते. पीयू असलेल्या जमिनीवर चकाकीसाठी तेल वा मेण चोळू नये. ते आत शिरत नाही, जमीन निसरडी होते आणि पुढे नवे पॉलिश त्यावर नीट धरत नाही. लेप शाबूत आहे का, हे पाहण्यासाठी वावराच्या जागी पाण्याचे दोन थेंब टाकावेत. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर चिंता नाही. काही मिनिटांत मुरून लाकूड काळवंडले, तर लेप झिजला आहे. थेंब लगेच पुसून पॉलिशवाल्याला बोलवावे.

दररोजची रीत सोपी आहे. लाकडाचा खरा शत्रू म्हणजे पावलांखालची बारीक वाळू. ती सँडपेपरसारखे काम करते. दाराबाहेर आणि दाराआत पायपुसणे असावे. मऊ कुंचा किंवा कोरडे मायक्रोफायबरचे फडके रोज फिरवावे. आठवड्यातून एकदा, थेंबही गळणार नाही इतके पिळलेले फडके फळीच्या रेषांच्या दिशेने फिरवावे. ओल एक-दोन मिनिटांत उडाली नाही, तर फडके जास्त ओले आहे असे समजावे. फिनेल, सोडा, व्हिनेगर, वाफेचे यंत्र यांपैकी काहीही वापरू नये. सांडलेले दूध वा पाणी त्याच क्षणी टिपावे. खुर्च्या-टेबलांच्या पायांना फेल्टच्या चकत्या लावाव्यात. कुंडी थेट जमिनीवर ठेवू नये. घरकाम करणाऱ्या ताईंना ‘असे करू नका’ म्हणून थांबू नये. पिळलेले फडके एकदा त्यांच्या हाती देऊन दाखवावे.

जवसाचे तेल लावायची जमीन असेल, तर आणखी एक सावधगिरी हवी. त्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवल्या, तर त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. त्या मोकळ्या हवेत पसरून वाळवाव्यात किंवा पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवाव्यात.

पावसाळ्यात विशेष जपावे. वाऱ्याबरोबर पाऊस आत येणाऱ्या खिडक्या लावून घ्याव्यात, ऊन पडताच उघडाव्यात. ओलसर सतरंजी जमिनीवर राहू देऊ नये. भिंतीलगत स्कर्टिंगखाली फळ्यांना फुगण्यासाठी सोडलेली फट बुजवू नये. महिन्यातून एकदा कोपरे, न्हाणीघराचा उंबरा आणि स्वयंपाकघराची कड विजेरीने पाहावी. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी, पिठासारखी भुकटी दिसली तर भुंगेरा. दोन्ही दिसल्यास जाणकाराला विलंब न करता दाखवावे. वाळवीच्या बाबतीत जवळची गळती आधी शोधावी.

येथे आपल्या यतनेचा अर्थ मला फार जवळचा वाटतो. घर ओले राहू दिले की बुरशी आणि वाळवी येते. मग फवारणीवाचून गत्यंतर उरत नाही आणि त्या हिंसेचे निमित्त आपलाच निष्काळजीपणा ठरतो. कोरडी, झाडलेली जमीन हा दोष मुळातच टाळते. आधी घेतलेली काळजी ही नंतरच्या पश्चात्तापाहून नेहमीच हलकी असते.

पुढे कित्येक वर्षांनी मी मामंजींना विचारले, की त्या दिवशी मला का रागावला नाहीत. ते म्हणाले, ‘कापडाचा डाग गिऱ्हाइकाला दाखवला. तुझा डाग तुला दिसलाच होता.’ ती सागाची जमीन आजही आहे, आणि सुनेच्या हातातले फडके आजही पिळलेलेच असते.